गुणाची पूड

खिडकी लावताना कुणाचं मनगट मोडतं का? पुडीताईचं मोडलं. मागच्या खोलीची खिडकी दमट हवेने फुगली होती. ताईने तळहाताने झडप ढकलली, वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला आणि हात भलत्याच ठिकाणी वाकला. आधी दुखलंसुद्धा नाही. ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली.

हॉस्पिटलमधली हाडांची डॉक्टरीण वयाने लहान होती, पण घाई करणारी नव्हती. तिने एक्स-रे उजेडाला धरला, खाली घेतला, पुन्हा धरला.

"कुठे पडलात, काकू?"

"पडले नाही. खिडकी लावत होते."

"नुसती खिडकी?"

"घट्ट बसते ती."

डॉक्टरीण एक्स-रे ठेवून ताईकडे बघायला लागली. आधी चेहऱ्याकडे, मग दंडाकडे. ताईच्या हातांवर जांभळे डाग होते आणि कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा दिसत.

"हे डाग कधीपासूनचे?"

"काही जरा लागलं की पडतात. वय झालं आता."

"आणि चेहरा? पहिल्यापासून एवढा भरलेला?"

ताई हसली. "छे हो. लग्नात सगळे काटकी म्हणायचे मला. आता कुठे खाल्लेलं अंगाला लागतंय."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकही नाही. जन्मात गोळीला शिवले नाही मी. आमच्या घरात बाबांची पूड आहे ना." बापाने बांधलेलं घर दाखवताना लोक जसं बोलतात, तशी ती हे बोलली.

डॉक्टरीण हसली नाही की चिडली नाही. हाताला प्लास्टर घालून झाल्यावर एवढंच म्हणाली, "त्यातली एक पुडी मला आणून द्याल? तपासायला पाठवते."

ताईला आनंदच झाला. बाबांना हयातभर हॉस्पिटलवाल्यांनी झाडपाला-मास्तर म्हणून हिणवलं होतं. आता तेच हात पुढे करून पुडी मागत होते. दुसऱ्याच दिवशी तिने एक सोडून तीन पुड्या नेऊन दिल्या. कमी पडायला नको.

बाबांना ही विद्या त्यांच्या आत्याकडून मिळाली होती. काही मुळं, काही साली, काही सावलीत वाळवलेली पानं. सगळं कुटून, वस्त्रगाळ करून सांधेदुखीवर द्यायचं. घराची पुढची खोली त्यासाठीच होती. भिंतीला दोन बाकं, फळीवर बरण्या, कोपऱ्यात छोटा तराजू. बाबा येणाऱ्याचा हात हातात घेत आणि दुखण्याचं सोडून बाकीचं सगळं विचारत. झोप लागते का, जिने किती चढावे लागतात, सुनेशी पटतं का. माणूस अर्धा तर तिथेच बरा व्हायचा. उरलेल्या अर्ध्याला पुडी. कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. ज्याला येत नसे त्याला बाबा सरळ सांगत, "तुझं औषध माझ्यापाशी नाही. हॉस्पिटलात जा."

आणि लोक खरंच जायला लागले. गावात मोठं हॉस्पिटल झालं, मग दवाखाने झाले, कोपऱ्याकोपऱ्यावर औषधांची दुकानं झाली. बाकं रिकामी पडली. बाबा सकाळी दार उघडून बसत आणि दुपारी तसेच उठून जेवायला आत येत. त्यातच त्यांचे हात थरथरायला लागले. खलबत्ता धरवेना, तेव्हा जावयाने कुटण्याचं काम अंगावर घेतलं.

जावई म्हणजे ताईचा नवरा. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे तो व्हॅन चालवायचा, दुकानोदुकानी खोकी पोचवायचा. स्वभावाने गरीब, बोलायला कमी. त्याने मागच्या शेडमध्ये एक जुनं दळायचं यंत्र आणून बसवलं आणि कामावरून आला की तिथे जाऊन बसायला लागला.

त्यानंतर पूड फळली. काठी टेकत आलेला माणूस आठवड्याने काठी विसरून जायचा. अंथरुणाला खिळलेल्या बायका स्वयंपाकाला उभ्या राहायला लागल्या. बाकं पुरेनात, लोक पायरीवर बसायला लागले. बाबा पुन्हा ताठ बसले. ताई तपकिरी कागदाचे चौकोन कापून पुड्या बांधायची. तिच्या पुडीची घडी अशी की पिशवीत उलटीपालटी झाली तरी कण सांडायचा नाही. तिचं खरं नाव लोक विसरले आणि पुडीताई तेवढं राहिलं. तिलाही कुणाची नावं ठाऊक नव्हती. तिच्या लेखी माणसं म्हणजे दुखणी. डावा गुडघा आले, कंबर आल्या, आज खांदा का दिसले नाहीत.

बाबा गेले तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पूड तशीच चालू राहिली. पुड्या बांधून बांधून ताईची बोटं ठणकायला लागली, तेव्हा तिनेही रोज सकाळी एक घ्यायला सुरुवात केली. घरचं सोनं असताना दुसरीकडे कशाला जायचं?

तपासणीचा निकाल ऐकायला ती ठेवणीतले कपडे घालून गेली. नवरा म्हणाला होता, "मी येऊ का?" ती म्हणाली, "तुम्ही कशाला? कौतुक ऐकायला एक माणूस पुरे."

डॉक्टरिणीने दार लावून घेतलं.

"काकू, या पुडीत मुळं आहेत. साली आहेत. पण तेवढंच नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात यात. आणि चिमूटभर नाही, भरपूर."

ताईला वाटलं, ही दुसऱ्या कुणाच्या कागदावरचं वाचतेय. "तुमच्या यंत्राची काहीतरी चूक होतेय, बाई."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून दुसरी पुडी वेगळ्या ठिकाणी पाठवली. तिथूनही हेच आलं."

"अहो, आमच्याकडे गोळी येईलच कुठून?"

"ते तुम्ही मला सांगायचं." डॉक्टरिणीने खुर्ची जवळ ओढली. "हे औषध वाईट नाही. मीसुद्धा देते, पण मोजून, लक्ष ठेवून. यानं सूज उतरते, दुखणं पळतं, भूक लागते, माणूस तरतरीत होतो. जादूच वाटते. पण बेहिशोबी घेत राहिलं की चेहरा सुजतो, कातडी विरते, साखर वाढते, हाडं आतून पोखरतात. तुमचा हात खिडकीनं मोडलेला नाही, काकू."

पुढेही ती बरंच बोलत होती. ताईला तिचे ओठ हलताना दिसत होते. मध्येच एक औषधाची बाटली तिच्या हातात आली, ही रोज घ्यायची, चुकवायची नाही, असं काहीतरी. ताईने मान डोलावली. कशाला डोलावली, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर ती घरचा रस्ता चुकली. ज्या गल्लीत जन्म काढला तिथे चुकली. मग बेकरी दिसली आणि ती थबकली. काचेमागे बेकरीवाली पाव रचत होती. मूळची शेलाटी बाई, पण दोन वर्षांत गाल कसे वर आले होते. "पुडी मानवली तुला," असं ताईच तिला म्हणायची. पलीकडे इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी मारत होता. तोच गोल, तकतकीत, लालसर चेहरा. बसथांब्यावर दोन बायका उभ्या होत्या, त्यातल्या एकीचाही तसाच. ताई एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. सगळ्या गल्लीला तिचंच तोंड आलं होतं. आणि इतकी वर्षं ती त्याला बाळसं म्हणत होती.

घरी आली तेव्हा शेडमध्ये यंत्र घरघरत होतं. नवरा पाठमोरा बसून चाळणी आपटत होता.

"मुळं हल्ली कुणाकडनं घेता?" तिने दारातून विचारलं.

"नेहमीच्याच माणसाकडनं. का गं?"

"पुडीत गोळी सापडलीय."

त्याने यंत्र बंद केलं. घरघर थांबत थांबत थांबली. तो वळला नाही. आणि कसली गोळी, असंही त्याने विचारलं नाही. त्या न विचारण्यातच तिला सगळं कळलं. मुळं विकणाऱ्या म्हाताऱ्यावर घ्यायचा संशय ती वाटभर जपत आली होती, तो तिथेच गळून पडला.

"बस जरा," तो म्हणाला.

"बसत नाही. बोला."

"व्हॅनवर असताना दुकानदार सांगायचे. ही गोळी दिली की मेलेला उठून बसतो म्हणून. बाबा तेव्हा कसे झाले होते आठव. बाकांवर धूळ बसली होती. दार उघडून रस्त्याकडे बघत बसायचे. मला बघवेना. एकदा थोडी टाकली. एकदाच म्हणून टाकली. दुसऱ्या दिवशी लोक हसत आले आणि बाबा जेवले पोटभर. मग थांबवायची कशी?"

"आणि मी घेत होते ते?"

तो चाळणीतली पूड बोटाने सारखी करत राहिला.

"मी विचारतेय काहीतरी."

"तू घेतेस हे मला उशिरा कळलं."

"कळल्यावर?"

"तुझी बोटं दुखायची थांबली होती." मग म्हणाला, "नको घेऊ म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतंस. मग सगळंच सांगावं लागलं असतं."

ताईला बसायला जागा सापडेना. हा माणूस तिच्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढणारा. ती आजारी पडली की रात्र जागवणारा. रोज सकाळी समोर बसून तिने पाण्याबरोबर पुडी घेतलेली तो बघत होता आणि चहा पीत होता. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. नुसतं कानात त्या बंद पडलेल्या यंत्राची घरघर चालू होती.

मग ती घरात गेली आणि एका हाताने कामाला लागली. बांधलेल्या पुड्या सोडल्या, बरण्या उपड्या केल्या, डबे ओतले, सगळी पूड मोरीत टाकून वर नळ सोडला. पाणी तपकिरी होऊन वाहत राहिलं. पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि बाहेर पाटी लावली, पूड बंद झाली आहे. लोक येत, पाटी वाचत, दार वाजवत. "ताई, निदान या आठवड्याची तरी द्या." ती बाकावर बसून ऐकायची आणि उत्तर द्यायची नाही. आपण पाप थांबवलं, एवढं एकच वाक्य तिला त्या दिवसांत धरायला होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दारावर धक्के बसायला लागले. टपालकाकांची सून होती. टपालकाका म्हणजे बाबांचे जुने स्नेही, जन्मभर पत्रं वाटून गुडघे झिजवलेले. पूड फळायला लागली तेव्हापासूनचं गिऱ्हाईक.

"ताई, दार उघडा. मामंजींना उठता येत नाहीय. काल रात्रीपासून उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत, बोलतायत ते काही कळत नाही. सारखे पुडी, पुडी करतायत. एक द्या हो, असेल तर."

ताईने कडी काढली आणि त्याच क्षणी डॉक्टरिणीचे हलणारे ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. आता मात्र आवाजासकट. *घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. कुणीच नाही. इतकी वर्षं बाहेरून मिळतंय म्हणून शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. अचानक तोडलं तर माणूस कोसळतो. हळूहळू उतरवावं लागतं, आमच्या देखरेखीखाली.* तिच्या हातात बाटली दिली होती ती त्यासाठीच. ती स्वतः ती बाटली नेमाने घेत होती, आणि बाकी गावाची पुडी तिने मोरीत ओतली होती.

"अहो," तिने आत हाक मारली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललीच नव्हती. "व्हॅन काढा."

हॉस्पिटलच्या तातडीच्या खोलीत काकांना आडवं केलं. ड्युटीवरच्या डॉक्टरने सुनेला विचारलं, "काही औषध चालू होतं का यांना?"

"नाही हो, काहीच नाही. गोळीचा तिटकारा आहे त्यांना."

सून खोटं बोलत नव्हती. पूड हे औषध आहे असं तिच्या मनातच आलं नाही. मीठ खाता का असं कुणी विचारत नाही, तसं ते होतं. डॉक्टर कागदावर 'नाही' लिहायला वाकला.

"घेत होते," ताई म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "माझ्याकडची पूड घेत होते. वर्षानुवर्षं. त्यात स्टेरॉइड आहे. आणि मी ती चार-पाच दिवसांपूर्वी एकदम बंद केली."

खोलीतली बाकीची माणसंही वळून बघायला लागली. त्यातल्या निम्म्यांना ती ओळखत होती. दाराशी नवरा उभा होता, हातात व्हॅनची किल्ली. त्याने मान खाली घातली. सुनेच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ताई वाट बघत होती, पण सून तोंड उघडं टाकून नुसती बघत राहिली. तिला शब्दच समजले नव्हते.

डॉक्टरने मात्र एका क्षणात समजून घेतलं. सलाईन लागलं, इंजेक्शन गेलं. दुपार कलायच्या आत काकांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

हाडांची डॉक्टरीण वरच्या मजल्यावरून खाली आली. "मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं, काकू."

"सांगितलं असेल. मी तिथे नव्हते."

डॉक्टरीण तिच्या बाजूला बसली. "किती जण घेतात ही पूड?"

"मोजले नाहीत कधी."

"नावं तरी?"

"नावं नाहीत. दुखणी आहेत."

"मग दुखण्यांवरून शोधू," डॉक्टरीण म्हणाली. "मला ते सांगणार नाहीत. माझ्यासमोर सगळे म्हणतात, काही घेत नाही. मी ओरडेन असं वाटतं त्यांना. आणि खरं सांगायचं तर मी ओरडतेच."

त्या दिवसापासून ताई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून गावभर फिरली. पाटी काढून पुढचं दार सताड उघडं ठेवलं. जो येईल त्याला बाकावर बसवून आधी सांगायची की यात काय होतं, मग सांगायची की आजच्या आज हॉस्पिटलात चला, डॉक्टरीण वाट बघतेय. तिला वाटलं होतं लोक हबकतील, शिव्या देतील, कदाचित दगड मारतील. त्याची तिने मनाची तयारी केली होती. जे झालं त्याची केली नव्हती.

इस्त्रीवाला म्हणाला, "हॉस्पिटलवाल्यांनी तुम्हाला फितवलंय. बाबा असते तर तुमचं तोंड बघितलं नसतं त्यांनी." आणि ताडताड निघून गेला. दोन दिवसांनी त्याची बायकोच त्याला दंडाला धरून घेऊन आली.

बेकरीवालीने शांतपणे ऐकून घेतलं. मग काचेत स्वतःचा गाल चाचपला. "म्हणजे ही सूज आहे?" ती म्हणाली. "माझा नवरा म्हणतो, लग्नानंतर पहिल्यांदा तू देखणी दिसतेस." आणि बाई पावाच्या फळीला टेकून मटकन खाली बसली. तिची साखर इतकी निघाली की डॉक्टरिणीने तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर तर मागच्या दाराने आले. मुलांना ते नेहमी सांगत की पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. "मी येतो हे कुणाला कळायला नको," एवढीच त्यांची विनंती होती. "हॉस्पिटलातसुद्धा मागच्या बाजूने जाता येईल का?"

पण ताई खरी हादरली ती शिंप्याकडे. शिंपीदादा मशीनवर वाकले होते. तिने सांगायला सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"गोळी असणार हे. एका रात्रीत बोटं सरळ करणारं मूळ कुठे उगवतं, ताई? माझ्या मेहुण्याच्या गावातही असाच एक पूडवाला होता. पकडला त्याला."

"मग घेत का होतात?"

"हॉस्पिटलात गेलं तर म्हणतात मशीन सोडा. मशीन सोडून मी काय करू, आरती ओवाळू स्वतःची? तुमच्याकडे आलं की हात चालायचा. आत काय आहे ते विचारलं असतं तर तुम्ही दिली नसतीत." त्यांनी दोरा तोडला. "माझ्यासारखे बरेच आहेत. तुम्हाला वाटलं आम्ही भोळे आहोत?"

ताई रस्त्यावर आली. आपल्याला फसवून आपल्याकरवी गावाला फसवलं, असं ती धरून चालली होती. इथे तर गाव डोळे मिटून रांगेत उभं होतं. त्या सगळ्यात एकटी तीच खरी भाबडी होती की काय, हा विचार तिला दिवसभर टोचत राहिला.

तोवर सरकारी खात्याची माणसं आली. त्यांनी यंत्र उचललं, शेडला सील ठोकलं, बरण्या नेल्या. नवऱ्याने काही लपवलं नाही. बाकावर बसून सरळ जबाब दिला. गोळ्या मी आणल्या, मी कुटल्या, मी मिसळल्या. बायकोला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना ठाऊक नव्हतं, ते साधे गृहस्थ होते. साहेबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर. नोकरी तर गेलीच, पुढे खटला उभा राहिला आणि काही महिन्यांची शिक्षाही झाली. ताई त्या जबाबाच्या वेळी दारात उभी होती. त्याच्याविषयी तिच्या मनात काय होतं हे तिचं तिलाच नीट उमगत नव्हतं, पण बाबांचं नाव त्याने स्वच्छ ठेवलं, एवढ्यासाठी तिने त्या संध्याकाळी त्याचं ताट वाढलं.

टपालकाका घरी आले तेव्हा ताई भेटायला गेली. काका खिडकीशी उशी घेऊन बसले होते, चेहरा उतरलेला. ती पायाशी बसली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला काही झालं असतं तर मी बाबांना कुठल्या तोंडाने भेटले असते?"

काकांनी पाठीची उशी सरळ केली. मग म्हणाले, "पोरी, तुझा बाप मला म्हणाला होता, रोज घेऊ नकोस, दिवसाआड घे. मी ऐकलं नाही, ती माझी चूक."

"दिवसाआड? कधी म्हणाले?"

"पूड लागू पडायला लागली त्या सुमारास. मी विचारलं, तुझ्याच औषधाला तू का घाबरतोस? तर म्हणाला, जावयाचा हात जरा सैल आहे. मी म्हटलं म्हणजे काय? त्यावर हसला नुसता. तू प्रत्येक घाणा चाखून बघतोस ना, म्हटलं. म्हणाला, चाखला, म्हणून तर सांगतोय."

ताई उठून उभी राहिली. बाबांना प्रत्येक मुळाची चव ठाऊक होती. जिभेवर कण ठेवून ते सांगत की साल गेल्या वर्षीची आहे. त्यांच्या जिभेला परकी गोळी कळली नसेल, असं ती स्वतःला तरी कसं पटवणार होती?

"काका, तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

ती घरी आली. नवरा पायरीवर बसला होता, खटला अजून सुरू व्हायचा होता.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली.

तो दचकला. मग हळूहळू त्याचे खांदे उतरले. "पहिल्याच आठवड्यात. पूड जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हाकलतील. तर म्हणाले, जरा बेतानं टाक."

"मग साहेबांना खोटं का सांगितलंत?"

"गेलेल्या माणसाला कशाला ओढायचं? आणि तुला तेवढे तरी राहू देत म्हटलं."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. नवऱ्याने फसवलं तेव्हा आधाराला बाप होता. आता बापही गेला, दुसऱ्यांदा गेला, आणि ह्या खेपेला खांदा द्यायला गल्लीत कुणी नव्हतं. ज्या बाबांनी, तुझं औषध माझ्यापाशी नाही, असं लोकांना तोंडावर सांगितलं, त्याच बाबांनी भरलेली बाकं बघून गप्प बसणं पत्करलं होतं. दोन्ही माणसं खरी होती. ती आलटून पालटून दोघांना डोळ्यांपुढे आणत होती आणि दोघांचा चेहरा एकच येत होता.

पुढची खोली आजही उघडी असते. डॉक्टरिणीने खटपट करून आठवड्यातून एकदा तिथे येऊन बसायची परवानगी काढली. ताई बाकावर बसून विचारपूस करते. झोप लागते का, जिने किती, आणि आणखी कुठलं औषध, काढा, तेल, पूड, पाणी, काहीही चालू आहे का. ते ऐकून ती आत डॉक्टरिणीला सांगते. नवरा शिक्षा भोगून आला, आता एका गोदामात राखणदार आहे. दोघं एकाच घरात राहतात. बोलतात, पण मोजकं.

एकदा दूरच्या वस्तीतली एक म्हातारी आली. पूड बंद झाल्याचं तिने ऐकलं होतं, तरी आशेने आली होती. ताईने तिला सगळं सांगितलं. म्हातारीने मान हलवली. "ते जावयाचं काम हो. तुमच्या बाबांच्या वेळी असलं काही नव्हतं. बाबांची पूड शुद्ध होती."

डॉक्टरीण आतून बघत होती. खोलीत आणखी चार माणसं होती. मान डोलावून वेळ निभावून नेता आली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं.

"आजी," ताई म्हणाली, "बाबांच्या वेळीही गोळी होती. त्यांना ठाऊक होतं."

 म्हातारीने ताईच्या तोंडाकडे निरखून बघितलं, ही थट्टा करतेय की काय म्हणून. मग ती पिशवी उचलून उभी राहिली. दारापर्यंत गेली. तिथे चौकटीला धरून उभी राहिली, गुडघा वाकेना तिचा, पायरी उतरवेना.

ताई उठली आणि तिने हात पुढे केला. म्हातारीने तो लगेच धरला नाही. बाहेर रस्त्याकडे बघत, मागे न वळताच तिने विचारलं, "ती आतली डॉक्टर पोरगी ओरडते का फार?"

"पूर्वी ओरडायची," ताई म्हणाली. "चला, बसा आत."